काटकसरीचा हिशेब

सूत्रांत अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असें आमचे शास्त्रीबुवा पाठशाळेंत आम्हांला सांगत असत. मी वैयाकरण झालों नाहीं. मॅट्रिक होऊन मराठी शाळेंत मास्तर झालों आणि सदतीस वर्षें खडू झिजवून घरीं बसलों. परंतु त्या अर्ध्या मात्रेचें वेड अंगांत मुरलें तें मुरलेंच. बोटांत धरवेनासा झालेला खडूचा तुकडाहि मीं कधीं टाकला नाहीं, आणि आलेल्या पाकिटाची आंतली बाजू कोरी असतां नवा कागद कधीं घेतला नाहीं. आमचें कुटुंब या बाबतींत माझ्याहून चार पावलें पुढेंच. अशा आम्हां उभयतांना खऱ्या काटकसरीचा धडा मिळाला तो साठी उलटल्यावर, परमुलखांत, एका चाकांवरच्या घरांत. आम्हांला तो जरा महाग पडला; वाचकांना तरी तो फुकट मिळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा थोरला मुलगा अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांत, फोर्ट कॉलिन्स या गांवीं नोकरीनिमित्त राहतो. २०२४ सालच्या एप्रिलमध्यें आम्ही दोघें सहा महिन्यांसाठीं त्याच्याकडे गेलों. त्याच्या अंगणांत एक लांबट पांढरें घर चाकांवर उभें होतें. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. लांबी बावीस फूट. आंत पलंग, मोरी, चूल, शीतकपाट, जेवणाचें मेज, सर्व कांहीं. स्वतःचें इंजिन मात्र त्याला नाहीं. मोठ्या मोटारीच्या मागें आंकड्यानें अडकवून तें ओढीत न्यावयाचें. सुट्टी आली कीं तिकडचीं माणसें असें बिऱ्हाड पाठीशीं घेऊन डोंगरांत नाहीं तर सरोवराकांठीं जाऊन राहतात. कित्येक तळांवर वीज मिळत नाहीं. तेथें दिवे, पाण्याचा पंप आणि ऊब देणाऱ्या भट्टीचा पंखा या सर्वांची भिस्त त्या घराच्या पुढच्या दांड्यावर एका पेटींत ठेवलेल्या बॅटऱ्यांवर असते.

त्या बॅटऱ्या दोन होत्या. शिशाच्या आणि पांच वर्षांच्या जुन्या. मे महिन्यांत एके दिवशीं मुलगा म्हणाला, "अण्णा, या बॅटऱ्या आतां बदलाव्या म्हणतो. लिथियमच्या बसवीन."

मला राहवलें नाहीं. "कां? चालत नाहींत का?"

"चालतात. पण जुन्या झाल्या."

"चालती वस्तु जुनी झाली म्हणून टाकायची? जुना तर मीहि झालों आहें."

तो हंसून गप्प राहिला. मी मात्र गप्प राहिलों नाहीं. शिशाची बॅटरी ही माझ्या ओळखीची वस्तु. सातारा जिल्ह्यांतील आमच्या घरीं भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टर घेतला, तेव्हांपासून त्याच्या बॅटरींत वेळोवेळीं पाणी घालण्याचें काम माझ्याकडे आहे. तेथेंहि मीं बाजारांतून ऊर्ध्वपातित पाण्याचा बुधला आणविला. झाकणें उघडून प्रत्येक घटांत बेतानें पाणी घातलें, टोकांवर चढलेली निळसर पांढरी पूड खाण्याच्या सोड्यानें धुवून काढली, आणि रात्रभर बॅटऱ्या घरच्या विजेवर लावून ठेवल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं व्होल्टमापक लावून पाहिला. आंकडा आला १२.६. शिशाचा एक घट २.१ व्होल्टांचा, असे सहा घट, म्हणजे गुणाकार तंतोतंत बरोबर! मीं तो आंकडा मुलाला अभिमानानें दाखविला. म्हणालों, "पूर्ण भरल्या आहेत. आणखी दोन वर्षें बघायला नको."

त्यानें माझा शब्द मोडला नाहीं. पांचसहाशें डॉलर वांचले, आणि मला तो वैयाकरणाचा आनंद झाला.

येथें कुटुंबाच्या प्रकृतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तिला झोपेंत श्वास अडण्याचा विकार आहे. घशाचे स्नायु सैल पडून हवेची वाट बुजते, आणि असें एका रात्रींत अनेकदां होतें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रात्रीं नाकावर मुखवटा लावून झोपते. उशाशीं ठेवलेलें एक लहानसें यंत्र नळीवाटें हवेचा मंद दाब देत राहतें, त्यामुळें घशाची वाट उघडी राहते. हें यंत्र विजेवर चालतें. ट्रेलरमध्यें तें एका छोट्या इन्व्हर्टरवर चाले, म्हणजे शेवटीं त्याच दोन बॅटऱ्यांवर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही सर्व, म्हणजे आम्ही दोघें, मुलगा, सूनबाई आणि नात, रॉकी मौंटन राष्ट्रीय उद्यानांत गेलों. १९१५ सालीं सरकारनें राखून ठेवलेला हा पर्वतप्रदेश मुलाच्या गांवापासून अर्ध्या दिवसाच्या आंत गांठतां येतो. लव्हलँड गांवावरून बिग थॉम्प्सन नदीच्या अरुंद घळींतून रस्ता चढत चढत एस्टिस पार्क या गांवीं पोंचतो, आणि तेथून पुढें ग्लेशिअर बेसिन नांवाचा तळ आहे. त्याची उंची सुमारें साडेआठ हजार फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी तीन हजार फूट रचावे तेव्हां तेथें पोंचावें. समोर बर्फाचीं शिखरें, भोंवतीं पाइनचीं झाडें. विजेची सोय नाहीं, आणि इतरांची झोपमोड होऊं नये म्हणून रात्रीं जनित्र चालविण्यास बंदी. छपरावर सूर्यप्रकाशावर वीज करणारा पत्रा होता, पण दुपारीं ढग आले आणि पाऊस पडला. तरी मी निश्चिंत होतों. १२.६ चा आंकडा माझ्या खिशांत होता.

रात्रीं तीनच्या सुमारास मला थंडीनें जाग आली. भट्टीचा पंखा फिरत होता, पण दमेकऱ्यासारखा. ऊब मुळींच येत नव्हती. ही भट्टी गॅसवर हवा तापविते, आणि गॅसची टाकी तर भरलेली होती. मग ऊब कां नाहीं? मला पुढें कळलें तें येथेंच सांगतों. पंख्याच्या वाऱ्यानें लवणारी एक पातळ पाती त्या भट्टींत असते. पंखा पुरेशा जोरानें फिरला तरच ती लवते आणि गॅसची वाट मोकळी होते. बॅटरी ढेपाळली कीं पंखा मंदावतो, पाती लवत नाहीं, आणि सुरक्षिततेसाठीं गॅस बंदच राहतो. म्हणजे टाकी भरलेली असूनहि घर गारठतें.

मी उठण्याच्या विचारांत होतों, तेवढ्यांत इन्व्हर्टरनें बारीक शिट्टी दिली आणि उशाशेजारची ती संथ फुंकर बंद पडली. क्षणभरानें कुटुंब धडपडून उठून बसलें. तिनें मुखवटा ओढून काढला. छातींतून मोठमोठ्यानें हवा ओढून घेत होती, आणि ती पुरत नव्हती. अंधारांत तिचा हात माझ्या हाताला लागला तो बर्फासारखा होता. तिला बोलतां येईना. तो मिनिटभराचा काळ मी जन्मांत विसरणार नाहीं.

मुलगा उठला. त्यानें आईला पांघरुणांत गुंडाळून पुढच्या मोटारींत नेऊन बसविलें, मोटारीच्या विजेला यंत्र जोडलें आणि मुखवटा पुन्हां तिच्या नाकावर ठेवला. मी तिच्या शेजारीं बसलों. कांचेबाहेर पाइनच्या शेंड्यांवर चांदण्या लखलखत होत्या; त्यांकडे पाहवेना. पाव तासानें तिचा श्वास ठिकाणावर आला. मुखवटा जरा बाजूला करून ती पहिलें वाक्य बोलली तें असें: "तुम्ही आंत जाऊन झोपा. एकाच्या जागरणांत भागतंय, तर दोघांनीं कशाला जागायचं?"

काटकसर म्हणावी तर ही. मी तिथून हललों नाहीं.

मला त्या रात्रीं कोणीं दोष दिला नाहीं. 'मे महिन्यांत म्हटलं होतं' असें मुलगा एका अक्षरानेंहि म्हणाला नाहीं, आणि तेंच मला अधिक बोंचलें. मोटारींत बसल्या बसल्या एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. मे महिन्यांत वांचलेले डॉलर मीं माझ्या शहाणपणाच्या खात्यावर जमा केले होते. ते खर्चीं पडले ते मात्र तिच्या श्वासाच्या खात्यांतून.

सकाळीं मीं पाकीट उलगडून त्याच्या आंतल्या बाजूवर हिशेब मांडला. मुलगा आंकडे सांगत होता. भट्टीचा पंखा सुमारें आठ अँपिअर वीज ओढतो; थंड रात्रीं निम्मा वेळ चालला तर आठ तासांत बत्तीस अँपिअर-तास. श्वासयंत्र, त्यांतील पाणी तापविणारी तबकडी धरून, चार अँपिअर. त्याचे आणखी बत्तीस. शीतकपाटाचें नियंत्रण, दिवे, पंप मिळून सहा. एकूण सत्तर. दोन बॅटऱ्यांवर छापलेली शक्ति प्रत्येकीं ऐंशी, म्हणजे एकशें साठ. शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक उपसा करूं नये, नाहींतर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें; तरीहि ऐंशी हातांत राहतात. मग सत्तरांची गरज पहांटेच्या आधींच कां उलगडली?

याचें उत्तर माझ्या १२.६ च्या आंकड्यांत लपलें होतें. शिशाच्या बॅटरींतून वीज घेतली कीं गंधकाम्लांतील अंश शिशाच्या पत्र्यांवर जाऊन बसतो. पुन्हां भरली कीं तो सुटून पाण्यांत परततो. परंतु बॅटरी अर्धवट रिकामी ठेवून दिली तर त्या थराचे कठीण खडे बनतात. ते मग सुटत नाहींत, आणि पत्र्याचा तेवढा भाग कायमचा मरतो. त्यांत थंडी पडली कीं उरलेली शक्तीहि आंखडते. व्होल्टमापक एवढेंच सांगतो कीं भांडें कांठोकांठ भरलें आहे. भांडें केवढें उरलें आहे, तें तो सांगत नाहीं. हंड्यांत निम्म्यापर्यंत खडे भरून वर पाणी ओतलें तरी हंडा भरलेलाच दिसतो. मीं कांठ पाहिला. तळांतले खडे पाहिले नाहींत. सदतीस वर्षें मुलांना उत्तराचा ताळा करून पाहण्यास सांगणाऱ्या मास्तरानें स्वतःचा ताळा केला नव्हता.

घरीं परतल्यावर मींच मुलाला म्हणालों, "ती लिथियमची जोडी मागव. आणि मला काय तें नीट समजावून सांग."

त्यानें सांगितलेलें आणि मीं मागाहून वाचलेलें थोडक्यांत असें. शिशाची बॅटरी फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं बनविली. म्हणजे आपल्याकडील सत्तावनच्या बंडानंतर अवघ्या दोन वर्षांनीं. एवढ्या जुन्या वस्तूनें आजवर जगाचें काम केलें, तेव्हां तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. लिथियमच्या अनेक जाती आहेत. आम्हीं आणली तींत लिथियमबरोबर लोह आणि फॉस्फेट असतें. या जातीचा शोध अमेरिकेंत ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठांत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंत लागला, आणि १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर पहिलें नांव अक्षय पाढी या भारतीय वंशाच्या संशोधकाचें आहे. गुडइनफ ऑक्सफर्ड सोडून ऑस्टिनला आले ते १९८६ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं. लिथियम बॅटरीवरील कामगिरीबद्दल २०१९ सालीं स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां ते सत्याण्णव वर्षांचे होते. २०२३ सालीं शंभर वर्षांचे होऊन ते निवर्तले. ज्या वयांत आम्ही निवृत्तिवेतनाचा हिशेब करीत बसतों, त्या वयांत या गृहस्थानें नव्या प्रयोगशाळेचें दार उघडलें, हें वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलों.

या बॅटरींत ३.२ व्होल्टांचे चार घट असतात, एकूण १२.८. तिच्यांतील जवळजवळ सर्व शक्ति वापरतां येते. निम्मी राखून ठेवण्याचें बंधन नाहीं. पाणी घालावें लागत नाहीं. शिशाची आमची एक बॅटरी एकवीस किलोची होती. ही शंभर अँपिअर-तासांची असून सुमारें अकरा किलोची. शिशाची बॅटरी खोल उपशाच्या कांहींशें खेपा सोसते, ही कांहीं हजार. किंमत आमच्या वेळीं नव्या शिशाच्या जोडीच्या दुपटीहून थोडी अधिक पडली. पण किंमतीला खेपांनीं भागल्यावर माझ्या पाकिटावर जें उत्तर आलें, तें लिथियमच्या बाजूचें होतें.

एवढें झाल्यावर तरी माझी अर्ध्या मात्रेची खोड जावी कीं नाहीं? बॅटऱ्यांबरोबर मुलानें नवा चार्जरहि मागविल्याचें पाहून मी म्हणालोंच, "जुना चार्जर चांगला चालतो ना? तो कशाला बदलायचा?"

मुलानें समजाविलें. जुना चार्जर शिशासाठीं घडविलेला. तो बराच वेळ १३.६ व्होल्टांवर थांबतो. लिथियमला पुरतें भरण्यास १४.४ च्या आसपास लागतात. जुन्यावर ती फार सावकाश भरेल, आणि आंतले चारहि घट एका पातळीवर येण्याची वेळच येणार नाहीं. छपरावरच्या पत्र्याचें नियंत्रणहि नव्या बॅटरीला जुळवून घ्यावें लागतें. शिवाय चालत्या मोटारीकडून ट्रेलरला वीज येते त्या तारेंतहि एक मध्यस्थ यंत्र बसवावें लागतें. कारण लिथियमची भूक मोठी. ती एकदम वाटेल तेवढी वीज ओढूं लागली तर मोटारीचें जनित्र आणि बारीक तारा तापावयाच्या.

स्वयंपाकघरांतून सूनबाई हंसून म्हणाल्या, "अण्णा, नवं माणूस घरांत आलं कीं जुन्या घरालाहि चार गोष्टी बदलाव्या लागतात." कुटुंबानें माझ्याकडे सहेतुक पाहिलें. मी पुढें चार्जराविषयीं एक शब्दहि बोललों नाहीं.

आगीचें भय मात्र माझ्या मनांत होतें. विजेच्या गाड्या पेटल्याच्या बातम्या सर्वांनींच वाचलेल्या असतात. लोह-फॉस्फेटाच्या जातींत प्राणवायु फॉस्फेटाशीं घट्ट बांधलेला असतो आणि तापल्यावरहि सहजीं सुटत नाहीं, म्हणून ही जात इतरांपेक्षां शांत समजतात. तरी मुलानें बॅटरीच्या अगदीं जवळ, धन तारेवर, जाड फ्यूज बसविला. बॅटरीच्या आंतहि एक पहारेकरी यंत्रणा असते. ती फार उपसा, फार भरणा, फार उष्णता यांपैकीं कांहीं होऊं लागलें कीं दार लावून घेते.

या बॅटरीचें एक कडक पथ्य आहे. गोठणबिंदूच्या खालीं तिला भरावयाचें नाहीं. भरल्यास लिथियम धातूचा थर आंत जमून ती कायमची बिघडते. वीज देण्यास तिला थंडींत हरकत नसते, घेण्यास असते. फोर्ट कॉलिन्सचा हिवाळा म्हणजे बर्फाचा. म्हणून दांड्यावरची उघडी जागा सोडून नव्या बॅटऱ्या आंत, पुढच्या पलंगाखालीं ठेवल्या. शिशाच्या बॅटरींतून भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो, त्यामुळें ती बाहेरच बरी. हिच्यांतून नेहमींच्या वापरांत तसा वायु निघत नाहीं.

जुलैंतल्या एका रविवारीं हें काम झालें. मीं फक्त पाने हातांत देण्याचें आणि नातीनें दिवा धरण्याचें काम केलें. आधीं घरची वीज तोडली, मग ऋण तार सोडली, मग धन. जोडतांना उलट क्रम. शेवटीं एक लहानसा मापक भिंतीवर बसविला. लिथियमचा व्होल्टांचा आंकडा शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो आणि मग एकाएकीं पडतो, त्यामुळें तेथें व्होल्टमापकाचा उपयोग थोडा. हा मापक आंत आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजून शिल्लक किती तें शेंकड्यांत सांगतो. थोडक्यांत, घरांत एक कीर्द ठेवणारा कारकून नेमला. हें यंत्र मला सर्वांत आवडलें.

दोन गोष्टी माझ्या ध्यानींमनींहि नव्हत्या. पहिली वजनाची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या आंकड्यावर पडावा लागतो. कमी पडला तर वेगांत मागचें घर शेंपटीसारखें हेलकावूं लागतें. दांड्यावरचे बेचाळीस किलो उतरल्यामुळें मुलानें काट्यावर पुन्हां वजन करून घेतलें आणि हत्यारांची पेटी पुढें सरकविली. दुसरी गोष्ट ब्रेकची. चालत्या प्रवासांत ट्रेलर सुटलाच तर एक खुंटी उपसली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक स्वतःच्या बॅटरीवर आवळले जातात. म्हणजे ती बॅटरी नुसत्या दिव्याची नव्हे, रस्त्यावरच्या परक्या माणसांच्या जिवाचीहि जामीन. मुलानें खुंटी ओढून ब्रेक लागतात याची खात्री केली, आणि बॅटरी रिकामी असतां ट्रेलर हलवावयाचा नाहीं असा नियम घातला.

जुन्या दोन बॅटऱ्या दुकानांत परत दिल्या. तिकडे नवी शिशाची बॅटरी घेतांना अनामत ठेवावी लागते आणि जुनी दिली कीं ती परत मिळते. या व्यवस्थेमुळें जवळजवळ सर्व शिसें पुन्हां भट्टींत जाऊन नव्या बॅटरीच्या जन्माला येतें. लिथियमच्या बाबतींत ही सोय अजून तितकी पक्की झालेली नाहीं, हेंहि लिहिलें पाहिजे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारीं तिकडे कामगारदिनाची सुट्टी असते. गणपति पुढच्या शनिवारीं यावयाचे होते. मधल्या सवडींत आम्ही पुन्हां त्याच तळावर गेलों. कुटुंब आढेवेढे घेईल असें वाटलें होतें, तिनें फक्त विचारलें, "मोजलंत ना?" मी म्हणालों, "मोजलं. आणि मुलानं पुन्हां मोजलं."

पहांटे तीनला मला आपोआप जाग आली. भट्टीचा पंखा तालांत फिरत होता, घर उबदार होतें. दूर रानांत एल्क जातीच्या नर हरणाची लांब शीळ उठली आणि विरली. मीं अंधारांत मापकापाशीं जाऊन आंकडा पाहिला: ८१. मग पलंगापाशीं परत येऊन उशाशेजारची ती संथ फुंकर ऐकत बसलों. कुटुंब गाढ झोपलें होतें. तिला उठवून तो आंकडा सांगावा असा मोह झाला, पण आवरला.

ऑक्टोबरांत आम्ही स्वदेशीं परतलों. पहिल्याच रविवारीं मीं आमच्या इन्व्हर्टरची परीक्षा घेतली. मुख्य कळ बंद केली, दोन पंखे व चार दिवे लावले, आणि घड्याळ घेऊन बसलों. दीडशें अँपिअर-तासांच्या बॅटरीनें एवढा भार सहा तास तरी उचलावयास हवा होता. अडीच तासांतच इन्व्हर्टर ओरडूं लागला. तिच्यांत पाणी मीं कधीं चुकविलें नव्हतें, आणि भरलेल्या बॅटरीचा आंकडा नेहमींच बरोबर येत होता!

आतां वाचकांना वाटेल कीं मास्तरांनीं लागलीच लिथियम आणलें असेल. तसें केलें नाहीं. आमचें घर चाकांवर नाहीं, तेव्हां वजनाला महत्त्व नाहीं. आमच्याकडे वीज महिन्यांतून दोनतीनदां, तासदीड तास जाते, तेव्हां हजारों खेपांची गरज नाहीं. इन्व्हर्टर शिशासाठीं बनविलेला, आणि जुनी बॅटरी दुकानदार पैसे देऊन परत घेतो. या सर्वांची बेरीज करून मीं नवी बॅटरी आणली ती शिशाचीच. लिथियमचा जप करणें ही कांहीं काटकसर नव्हे, आणि शिशाला कवटाळून बसणें हीहि नव्हे. कोणतें काम, किती वेळां, कोणासाठीं, हें मोजून मग जें उत्तर येईल तें स्वीकारणें, एवढाच तो हिशेब आहे. ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे, आणि त्याच्या भरंवशावर कोणी आजारी अथवा वृद्ध माणूस झोपतें, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी कळ बंद करून घड्याळ लावून पाहावें, अशी माझी विनंती आहे. नुसत्या आंकड्यावर विसंबूं नये.

पाकिटाची आंतली बाजू मी अजूनहि वापरतों. जमा आणि खर्च हे दोन रकाने तिच्यावर पूर्वींपासून होतेच. आतां मीं तिसरा आंखला आहे: या बचतीची झळ कोणाला लागेल? तो भरल्याशिवाय बेरीज करावयाची नाहीं, असें ठरविलें आहे.